सोडून दिलं म्हणे!

विकांताला लिहायला बसलो की आधी चहा आणि मग लेख, असा आपला नेहमीचा क्रम. आज चहा केव्हाच गार झालाय. दिवाळीला यवतमाळला घरी आलोय आणि गच्चीवर एका निळ्या प्लास्टिकच्या टबासमोर बसलोय. टबात एक कासव आहे. जेवणाच्या ताटलीएवढं. डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लालभडक पट्टी. ते माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे बघतोय. आमची ओळख जुनी आहे (बहुतेक).

तर मंडळी, आधी गुन्ह्याची कबुली आणि मग भांडण. भांडण तुमच्याशीही आहे, पण कबुली दिल्याशिवाय मला तो अधिकार नाही.

२०१९ मध्ये कॅम्पसमधून नोकरी लागली. हिंजवडीत जॉइन झालो, वाकडला चौघांनी मिळून फ्लॅट घेतला. पहिले दोन पगार मोबाइल आणि बुटांत गेले. तिसऱ्या पगारात एका रविवारी मत्स्यालयाच्या दुकानात शिरलो आणि चारशे रुपयांत कासवांची जोडी घेऊन बाहेर पडलो. दहा रुपयांच्या नाण्याहून थोडीशी मोठी, हिरवीगार, खेळण्यासारखी. "मोठी होतात का?" असं विचारलं होतं मी. "नाही साहेब, एवढीच राहतात. टाकी लहान ठेवा म्हणजे वाढत नाहीत." मी इंजिनिअर माणूस. डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवायचा तरी चार डॉक्युमेंट वाचतो. पण पुढची तीस वर्षं जगू शकणारा एक जीव विकत घेताना दुकानदाराच्या एका वाक्यावर विश्वास ठेवला. गूगल खिशातच होतं.

त्यातलं एक महिन्याभरात मेलं. दुसरं वाढलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी ट्रॅव्हल्सने घरी आलो तेव्हा ते माझ्या मांडीवर, भोकं पाडलेल्या डब्यात होतं. आई सुरुवातीला खूश. देवळात नंदीसमोर दगडी कासव असतं, आपल्या घरात जिवंत आलं म्हणून. पण दगडी कासवाला वास येत नाही. दीड वर्षात आमचं कासव तळहाताएवढं झालं, टाकीचं पाणी दर दोन दिवसांनी बदलायची वेळ आली आणि ऑफिसचे कॉल चालू असताना मागून आईचं सुरू झालं, "हे काहीतरी कर बाबा आता."

बाबा म्हणाले, "सोडून दे एखाद्या तलावात. जीवदानाचं पुण्य लागेल."

२०२१ च्या ऑगस्टमध्ये दारव्हा तालुक्यात मामाच्या गावी गेलो आणि तिथल्या पाझर तलावात कासव सोडून दिलं. व्हिडिओ काढला. पंधरा ऑगस्टचा मोका साधून स्टेटस टाकलं, "अखेर स्वातंत्र्य!" धडाधड बदाम आले. ऑफिसातल्या एका मुलीने "सो स्वीट" असंही लिहिलं, ते मी बरेच दिवस जपून ठेवलं होतं. असो.

यंदा भाऊबीजेला मामाकडे गेलो. मामाच्या शेजारचे काका गावच्या मच्छीमार सोसायटीत आहेत, तलावात त्यांची जाळी असतात. मला बघून ते घमेलं घेऊन आले आणि म्हणाले, "काऊन रे भाऊ, तुमच्या पुन्याकडे कासवाले बी कुंकू लावतेत काय?"

घमेल्यात हे. जाळ्यात अडकलेले मासे खायला आलं, जाळं फाडलं आणि स्वतःच गुरफटलं. माझंच का? छातीठोक सांगता येणार नाही. पण लाल पट्टीचं कासव दारव्ह्याच्या तलावात आपल्या पायांनी चालत येत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं ते जनावर. मधला सगळा प्रवास कुणीतरी पैसे मोजून केलेला असतो, आणि शेवटचे काही किलोमीटर माझ्यासारखं कुणीतरी मोटरसायकलवर.

मी खरं काय ते सांगितलं. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमी तं सोडून देल्लं. आता आमी काय करावं?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. घमेलं उचललं आणि घरी आलो. तेव्हापासून डोक्यात जे शिजतंय ते हे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. पाळलेला परका प्राणी मोकळ्या पाण्यात, जंगलात सोडून देणं ही दया नाही. आपल्या घरातली अडचण दुसऱ्याच्या घरात ढकलून वर पुण्याची पावती मागणं आहे ते. आणि हे दुसऱ्याचं घर बहुतेक वेळा अशा माणसाचं किंवा अशा जिवाचं असतं, ज्याला आपण विचारलेलंही नसतं.

"इतकं काय, एक कासव तर आहे!" हा पहिला बचाव. मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. पण मंडळी, आपल्या धंद्यात आपण हे रोज बघतो. प्रत्येक युजरला वाटतं की सर्व्हरवर मी एकटाच आहे. तिकिटांची खिडकी उघडल्यावर सगळे एकाच सेकंदाला बटण दाबतात आणि मग साइट का पडली म्हणून सगळेच शिव्या देतात. वाकडच्या त्या दुकानात त्या रविवारी माझ्या आधी आणि नंतर किती जोड्या विकल्या गेल्या असतील? त्यातली जगलेली सगळी कासवं मोठी झाली. त्यांच्या मालकांच्या बदल्या झाल्या, लग्नं झाली, घरमालकांनी कुरकुर केली. आणि प्रत्येकाला जवळचा तलाव आठवला.

केरळच्या वन संशोधन संस्थेला हीच कासवं कालव्यांतून, तळ्यांतून गोळा करायचं काम हाती घ्यावं लागलंय. युरोपीय संघाने १९९७ मध्येच यांच्या आयातीवर बंदी घातली. खुद्द अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची देशात विक्री थांबवली, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेलाची लागण होत होती. निर्यातीला मात्र ती बंदी नव्हती. म्हणजे त्यांच्या पोरांना धोकादायक, ते आपल्या पोरांना वाढदिवसाची भेट. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. ते काहीही खातं, मासे, बेडूक, शिंपले, पाणवनस्पती, मेलेलंही. उन्हात बसायच्या जागा बळकावतं. आणि आपल्या तलावातलं मऊ पाठीचं देशी कासव, जे शतकानुशतकं तिथं सुखाने नांदतंय, त्याला नवा भाडेकरू मिळतो. असा भाडेकरू, जो भाडंही देत नाही आणि निघतही नाही.

दुसरा बचाव मोठा गोड आहे. "निसर्ग आपोआप तोल सांभाळतो." बरं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने जा आणि दोन्ही बाजूंना बघा. निसर्गाने तोल किती सांभाळलाय ते कळेल.

ओढ्याच्या कडेला ती जांभळट फुलांची बेशरम. दक्षिण अमेरिकेतली. कुंपणाला बरी, ढोरं खात नाहीत, फुलं छान दिसतात म्हणून लावली. तोडून फेकलेला तुकडा ओल मिळाली की पुन्हा रुजतो, म्हणून लोकांनी नाव ठेवलं बेशरम. (नाव झाडाला ठेवलं. लावणाऱ्याला नाही. आपली ही जुनी खोड आहे.)

जंगलाकडे वळलात की रायमुनिया. पुण्याकडचे तिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी आणली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देशातल्या वाघांच्या मुलखापैकी ४० टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगलाला रायमुनियाचा धोका असल्याचा अंदाज मांडला गेला. तिच्याखाली गवत नीट वाढत नाही. गवत नाही तर हरणं-नीलगायी नाहीत. आणि त्या नाहीत तर वाघाने खायचं काय? त्याला पांढरकवड्याची गुरं दिसतात.

आता गंमत बघा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राळेगावच्या बोराटीच्या जंगलात अवनीला गोळी घातली तेव्हा आपण सगळ्यांनी डीपी काळे केले होते. २०१९ मध्ये टिपेश्वरचा वॉकर तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेला पोचला, तेव्हा त्याच्या कॉलरचा नकाशा मीही दहा ग्रुपांवर टाकला. वाघासाठी रडणारे आपण लाखो आहोत. वाघाच्या हरणाला लागणाऱ्या गवतासाठी कुणी डीपी बदलल्याचं आठवतंय का? गवत फोटोजेनिक नसतं ना.

आणि वावरात, धुऱ्यावर, शाळेच्या मैदानात, एसटी स्टँडमागे गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. "अमेरिकेच्या मिलो गव्हाबरोबर आलं" हे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून तर त्याला काँग्रेस गवत म्हणतात. पण तो पीएल-४८० चा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे पुण्यातल्या नोंदीनंतर. धान्याच्या पोत्यांनी ते देशभर पसरायला हातभार लावला असेल, पण सगळं खापर एका करारावर फोडून आपण मोकळे झालो. "कुणी आणलं" यावर सत्तर वर्षं राजकारण झालं. "उपटायचं कुणी" हा प्रश्न मात्र कधीच वादाचा नव्हता. ते काम बायकांचं. माझी मामी निंदायला जाते. पावसाळ्याच्या अखेरीला तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे असतात, खाजवून खाजवून पाणी येतं. गाजर गवताची अॅलर्जी आहे, असं डॉक्टर म्हणतात. गवत टाळा, असंही म्हणतात. निंदणाची मजुरी टाळून कसं चालायचं, ते मात्र सांगत नाहीत.

तर हा तो निसर्गाचा तोल. सांभाळला जातो, नाही असं नाही. पण त्याचं वजन मामीच्या हातांवर पडतं. आपल्या नाही.

आता काही जण उसळून म्हणतील, "म्हणजे परदेशी सगळं वाईट का? हा तर झाडा-प्राण्यांमधला प्रांतवाद झाला!" थांबा. हा आरोप मला मान्य नाही, आणि तो मुद्दा महत्त्वाचा आहे. यवतमाळचं पांढरं सोनं, म्हणजे आज वावरात दिसतो तो बहुतेक कापूस, मुळात अमेरिका खंडातल्या जातीचा. सोयाबीन चीनकडचं. मिरची, टमाटर, पपई अमेरिका खंडातून आलेली. वऱ्हाडी माणसाच्या ताटातून परदेशी सगळं काढलं तर झणझणीत असं काही उरायचंच नाही. परकं असणं हा गुन्हा नव्हेच. कापसाला माणसाने पेरावं लागतं, खत घालावं लागतं, निंदावं लागतं. दोन वर्षं दुर्लक्ष केलं तर तो वावरातून गायब. बेशरमचं उलटं आहे. तिला आपली गरज नाही, आपल्याला ती नको आहे आणि तरीही ती दुसऱ्याचं ताट ओढून घेते. फरक इथे आहे. जन्मगाव कुठलं हा प्रश्न नाही, वागणूक काय हा आहे.

आणि हे एकतर्फीही नाही. फ्लोरिडात ऑनसाइट गेलेल्यांनी एव्हरग्लेड्सच्या दलदलीची सहल केली असेल. तिथे आज बर्मी अजगरांनी धुमाकूळ घातलाय. हे अजगर आपल्या ईशान्य भारतापासून पुढे आग्नेय आशियातले. अमेरिकनांनी हौसेने पाळले, दहा-बारा फुटी झाल्यावर दलदलीत सोडले, काही सुटून गेले. २०१२ च्या अभ्यासात दिसलं की तिथली रकूनची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटलीय. म्हणजे त्यांचं कासव आपल्या तलावात आणि आपल्याकडचा अजगर त्यांच्या दलदलीत. दोन्हीकडे माणूस तोच. पगारदार, हौशी, प्राणिप्रेमी आणि घर बदलताना घाईत असलेला.

मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा एक मासा सापडला. अमेरिकेतला अॅलिगेटर गार. २०१८ च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत अॅमेझॉनमधला अरापैमा सापडला. हे मासे हिमालय आणि सातासमुद्र ओलांडून आले का? कुणाच्या तरी दिवाणखान्यातून, कुणाच्या तरी शेततळ्यातून आले. आपल्याकडचं आणखी एक ठळक उदाहरण म्हणजे उजनी. तिथे चिलापी आज इतकी बोकाळलीय की नव्या पिढीला ती गावचीच वाटते. आफ्रिकेतली आहे.

इथे सरकारला सोडून चालणार नाही. लहानपणी आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं, "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा". हा गप्पी दक्षिण अमेरिकेतला, मत्स्यालयातला शोभेचा मासा. त्याचा चुलता गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला आणि तोही त्या उपद्रवी १०० जणांच्या यादीत आहे. डासांच्या अळ्या खाणारे लहान देशी मासेही आपल्याकडे आहेत. पण त्यांच्या नावाचं यमक जुळत नसावं. ज्या गावात आरोग्य खातंच विहिरीत, तळ्यात परका मासा सोडतं, तिथल्या माणसाला "तू कासव सोडू नकोस" हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

कायद्याचं तर्कशास्त्र तर आणखी मजेदार. देशी कासव घरात ठेवलंत तर वन्यजीव कायद्याखाली आत जाल. साधा पोपट पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हा. बरोबरच आहे ते. पण म्हणून बाजार वळला परक्या प्राण्यांकडे, कारण तो कायदा लिहिला गेला आपल्या वन्यजीवांना वाचवायला. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात पहिल्यांदा 'आक्रमक परकीय प्रजाती' ही व्याख्या आली आणि अशा जातींची आयात, विक्री, बाळगणं यांवर बंदी घालायचा अधिकार केंद्राला मिळाला. २०२४ मध्ये नोंदणीचे नियमही आले. पण ती नोंदणी आहे आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टातल्या प्राण्यांची. तिथला निकष, हा प्राणी व्यापारामुळे जगातून संपतोय का, हा. माझ्या मामाच्या तलावात तो माजेल का, हा नव्हे. दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत हे! एकाची चाचणी पास झाली म्हणून दुसरी पास धरायची, असं आमच्या टेस्टिंग टीमने केलं तर अप्रेझलला काय होईल ते सांगायला नको.

टेस्टिंगवरून आठवलं. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा आपल्या शास्त्रज्ञांनी बेंगळुरूला आणला, तो आधी बंदिस्त ठेवून तपासला. हा आपली पिकं तर खाणार नाही ना, हे वेगवेगळ्या झाडांवर ठेवून बघितलं आणि मग १९८४ मध्ये मोकळा सोडला. तरीही पुढे तो सूर्यफुलावर दिसला म्हणून आरडाओरडा झाला आणि पुन्हा चौकशी बसली. एक भुंगा सोडायचा तर एवढं सोपस्कार. आणि आपण? रविवारी संध्याकाळी, चहा पिऊन, एका हातात मोबाइल धरून थेट प्रॉडक्शनवर टाकतो. रोलबॅक नाही, बॅकअप नाही, लॉग नाही. सोमवारी सकाळी आपण स्टँडअपला, आणि फोन वाजतो तो भलत्याच माणसाचा.

रोलबॅक नाही म्हणजे किती नाही, ते बघायचं असेल तर यवतमाळहून पूर्वेला, भंडारा-गोंदियात जा. तिथे शे-दोनशे आणि त्याहूनही जास्त वर्षांपूर्वीचे मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले कित्येक बेशरमने गिळले. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी, शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या बायकांना बरोबर घेऊन तिथे वर्षानुवर्षं काम करतायत. बेशरम मुळासकट उपटायची. तळाची जमीन नांगरायची. मग देशी पाणवनस्पती एकेक करून पुन्हा लावायच्या, म्हणजे त्यांच्या आधाराने देशी मासे परत येतात. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून, हाताने. एक तलाव जागेवर आणायला हंगामामागून हंगाम जातात. तलाव बिघडवायला कुणीतरी कुंपणाची एक फांदी टोचली होती, बस्स.

२०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आयपीबीईएस या संस्थेने जगभरचा हिशोब मांडला. माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून जास्त जाती, त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त घातक. २०१९ मध्ये त्यांचा वर्षाचा खर्च ४२३ अब्ज डॉलरहून अधिक. आकडा वाचून मला काहीच वाटलं नाही, खरं सांगतो. अब्ज डॉलर म्हटलं की डोकं बधिर होतं. काकांचं फाटलेलं जाळं बघितलं तेव्हा वाटलं. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मामाकडून कळलं की ते जाळं सोसायटीच्या उधारीवर घेतलेलं होतं.

शेवटचा बचाव सगळ्यात अवघड आहे आणि त्याला मी हसणार नाही. "मग काय, मारून टाकायचं का?" हा प्रश्न मला रोज रात्री पडतोय. माझं उत्तर, नाही. पण "मारायचं नाही" याचा अर्थ "सोडायचं" असा होत नाही. मधला एक रस्ता असतो, जो आपल्याला दिसत नाही कारण त्यात कष्ट आहेत. तो म्हणजे सांभाळायचं. स्वतः, किंवा घेणारं योग्य कुणी असेल त्याच्याकडे देऊन. मोठ्या शहरांत प्राणी बचाव संस्था आहेत, आधी फोन करून विचारा. त्यांच्याकडेही ही कासवं भरमसाट येतात, त्यामुळे "जागा नाही" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. तेही रास्तच आहे. आपण केलेली चूक स्वीकारायला कुणी बांधील नाही.

आणि खरं म्हणजे निर्णयाची जागा तलावाचा काठ नाहीच. ती आहे दुकानाचा काउंटर. तिथे तीन प्रश्न विचारा. हा किती मोठा होतो? किती वर्षं जगतो? मला नकोसा झाला तर तुम्ही परत घ्याल का? तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार हसला, तर पाकीट खिशात घाला आणि समोरच्या हॉटेलात जाऊन मिसळ खा.

सरकारकडे मागणं एवढंच. कायद्याने दिलेला अधिकार वापरा आणि या कासवाची, या राक्षसी माशांची विक्री बंद करा. बंद करताना, ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांना शिक्षेची भीती न घालता जमा करायला जिल्ह्याजिल्ह्यात एक जागा द्या. नाहीतर बंदी आली त्याच रात्री सगळी कासवं तलावात जातील. आपल्या लोकांना मी ओळखतो. मी त्यांतलाच आहे.

पण सरकार करील तेव्हा करील. आज हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या बाल्कनीत एक टाकी असेल आणि तिच्यात लाल पट्टीचं काहीतरी वाढत असेल. घर बदलायचं असेल, लग्न ठरलं असेल, व्हिसा आला असेल. गूगल मॅपवर तलाव शोधायच्या आधी मला लिहा. उत्तर माझ्याकडे नसेल कदाचित, पण टबाचं माप सांगू शकेन.

माझ्यापुरतं सांगायचं तर, हे कासव आता माझं आहे. अजून वीसेक वर्षं तरी सहज जगेल, म्हणजे मी अजून न घेतलेल्या होम लोनएवढं. आईने कपाळावर हात मारून घेतला. "उद्या स्थळ बघायला लोक येतील, त्यांना काय हे दाखवायचं?" मी म्हटलं, हो, आधी हेच दाखवू. पुण्याला जाताना बरोबर नेणार आहे. मोठी टाकी, फिल्टर, उन्हाचा दिवा, सगळा खर्च काढला. चारशे रुपयांच्या जोडीतल्या उरलेल्या अर्ध्याचं बिल आजच्या हिशोबाने एकोणीस हजारांवर गेलंय. अजून विजेचा धरला नाही.

ट्रॅव्हल्सवाला मांडीवर घेऊन बसू देईल का, तेवढं बघायचं. मागच्या वेळी डबा लहान होता.

ता. क. काकांना नवं जाळं पाठवतोय. पैसे घेत नाहीत, जाळं घेतील असं मामा म्हणतो. कुठल्या मापाचं विचारलं तर म्हणाले, "जाळं राहू दे. तलावात अजून किती सोडले, ते आधी सांग." मी एकच सोडलं होतं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.